२५ लाखांचं पत्रक पेन्सिल घेऊन कसं वाचायचं

६ नोव्हेंबर २०२४ला मुंबईत बीकेसीच्या सभेत महाविकास आघाडीनं पाच हमी जाहीर केल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत माझा भाचा पत्रक घेऊन आमच्या स्वयंपाकघरात हजर. आघाडीतल्याच एका पक्षाचा तो आमच्या वॉर्डातला कार्यकर्ता. चपला काढायच्या आधीच दारातून ओरडला, "आत्या, २५ लाख! २५ लाखांपर्यंत आरोग्य विमा, वर औषधं फुकट. तुझं टेबलच बंद पाडलं बघ आम्ही."

माझं टेबल म्हणजे मिरजेतल्या एका खासगी रुग्णालयातलं विम्याचं टेबल. तिथं मी एकोणीस वर्षं बसले. समोर कायम दोन गठ्ठे असायचे. एक कंपन्यांच्या पॉलिसीवाल्यांचा, दुसरा सरकारी योजनेच्या पेशंटचा. आता घरी असते, पण निवडणूक आली की गल्लीतले लोक पत्रकं घेऊन येतात आणि विचारतात, "वहिनी, हे खरं का हो?" खरं की खोटं हे मला सांगता येत नाही. पत्रक कसं वाचायचं ते मात्र सांगता येतं. त्या दिवशी भाच्यासमोर जे केलं तेच इथं लिहिते. पक्ष कुठलाही असो, पेन्सिल तीच.

मेथीची जुडी बाजूला सारली आणि त्याला म्हटलं, "बस. आधी चहा घे. मग ते 'पर्यंत' शोध."

आधी शब्द शोधा, आकडा नंतर

कुठल्याही पक्षाच्या आरोग्य विम्याच्या पत्रकात पाच-सहा शब्द घुटमळत असतात. पर्यंत. पात्र. सरसकट. टप्प्याटप्प्यानं. निकषांनुसार. मोफत. त्यांच्याखाली रेघ मारा.

"२५ लाखांपर्यंत" म्हणजे तुम्हाला २५ लाख मिळणार असं नाही, हे लोकांना कळतं. पण मनात उरतो तो आकडाच. "पात्र कुटुंबांना" असं आलं की पात्रता कोण ठरवणार ते विचारायचं: रेशन कार्ड, जुनी सामाजिक-आर्थिक पाहणी, की आधार? "सरसकट" हा शब्द ऐकायला फार गोड. तो भाषणात असेल आणि छापील जाहीरनाम्यात नसेल, तर छापलेलंच खरं धरायचं. "टप्प्याटप्प्यानं" म्हणजे पहिल्या टप्प्यात तुमचा जिल्हा नसूही शकतो. राज्य सरकारची राजीव गांधी जीवनदायी योजना, आताची महात्मा फुले योजना, जुलै २०१२मध्ये सुरू झाली ती आठ जिल्ह्यांत. त्यात आमचा सांगली नव्हता, शेजारचा सोलापूर होता. आमच्याकडं यायला नोव्हेंबर २०१३ उजाडला. मधले सोळा महिने जतचा माणूस आमच्या टेबलाशी येऊन विचारायचा, "मॅडम, मंगळवेढ्याच्या पाव्हण्याला चालतं, मला का चालंना?" याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं.

"मोफत" या शब्दाकडं पुढं येते. तोच सगळ्यात महत्त्वाचा.

आकड्याला भागाकार लावा

आता २५ लाख. भाच्याला कॅल्क्युलेटर काढायला लावला.

केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांची मर्यादा आहे. सप्टेंबर २०२४मध्ये सत्तरीपुढच्या सगळ्यांना योजनेत घेण्याचा निर्णय झाला, तेव्हा केंद्र सरकारनंच सांगितलं होतं की योजनेत तोवर ७.३७ कोटी वेळा रुग्ण दाखल झाले आणि एक लाख कोटींहून जास्त रुपयांचा लाभ झाला. भागा. एकदा दाखल होण्यामागं साधारण साडेतेरा हजार येतात. मर्यादा पाच लाख आणि सरासरी खर्च साडेतेरा हजार.

कुणी म्हणेल, ते पॅकेजचे, म्हणजे योजनेनं एकेका उपचाराला ठरवून दिलेले दर, म्हणून कमी. मग राष्ट्रीय नमुना पाहणीचा ७५व्या फेरीचा आकडा घ्या, २०१७-१८चा. बाळंतपण वगळून एकदा दाखल होण्याचा देशातला सरासरी वैद्यकीय खर्च सरकारी रुग्णालयात ४,४५२ रुपये आणि खासगीत ३१,८४५ रुपये. आकडे जुने आहेत, आज वाढले असणारच. दुप्पट करा, तिप्पट करा, तरी लाखाच्या आत.

म्हणजे बहुतेक घरांच्या बाबतीत गाडी पाच लाखांच्या फलकापर्यंतच पोचत नाही, मग फलक पंचवीसवर नेऊन ठेवला काय आणि पन्नासवर नेला काय. यालाही अपवाद आहेत आणि ते हसण्यावारी न्यायचे नाहीत. लिव्हर बदलणं, बोन मॅरो, लांबलेला कॅन्सर, दीड महिना काचेच्या पेटीत असलेलं सातव्या महिन्यातलं बाळ. अशा घराला पाच आणि पंचवीस यांत जमीन विकण्याइतका फरक पडतो. पण अशी घरं थोडी असतात, आणि थोडी असतात म्हणूनच मर्यादा वाढवणं हे सगळ्यात स्वस्त आश्वासन आहे. विश्वास बसत नसेल तर स्वतःच्या पॉलिसीला सुपर टॉप-अपचा, म्हणजे तिच्या वरच्या जादा विम्याचा, दर विचारून बघा. पहिल्या पाच लाखांना जेवढा हप्ता पडतो, त्यापेक्षा वरच्या वीस लाखांना कितीतरी कमी पडतो. कंपनीला माहीत असतं, तिथवर फार कोणी येत नाही.

भाचा म्हणाला, "म्हणजे आमचे साहेब खोटं बोलले?"

"खोटं कुठं? मोठा आकडा लिहायला त्यांना स्वस्त पडतं, एवढंच. आणि हे तुमचेच नाही करत. आंध्रात आरोग्यश्रीची मर्यादा २५ लाख केली, तिथं तुमचा पक्षच नाही. राजस्थाननं चिरंजीवी योजना ५ लाखांची सुरू केली, मग १० केले, मग २५. इथं महायुतीनं २०२३ला राज्याच्या योजनेचे दीड लाखांचे पाच केले तेव्हाही फलकावर पाचच मोठ्या अक्षरांत होते."

मग खरा खर्च कशानं वाढतो? तीन गोष्टींनी: जास्त माणसं घेतली, जास्त आजार घेतले, रुग्णालयाला जास्त दर दिला. पत्रकात या तिन्हींवर ओळी शोधा.

माणसं कोण

सगळ्यात सोपी तपासणी म्हणजे स्वतःच्या घरापासून सुरुवात करायची. कपाट उघडा, रेशन कार्ड काढा आणि त्यावरची नावं मोठ्यानं वाचा. लग्न झालेल्या मुलीचं नाव अजून आहे, सुनेचं अजून चढलेलं नाही, धाकट्या नातवाचं नाही, असं दहात चार घरी तरी निघतं. (ही मोजणी नाही, एकोणीस वर्षांचा अंदाज आहे.) विमा मग दोन लाखांचा असो नाहीतर पंचवीस लाखांचा, कार्डावर नसलेली सून त्यात नाही.

महाराष्ट्रात अनेक वर्षं पिवळं आणि केशरी कार्ड योजनेत होतं, पांढरं नव्हतं. अपवाद होता तो शेतकरी आत्महत्यांच्या चौदा जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांचा. आमच्याकडं प्राथमिक शिक्षकाची बायको, किराणा दुकानदार, छोटा बागायतदार असे पांढऱ्या कार्डाचे लोक यायचे. त्यांना ना योजना, ना धड पॉलिसी. पाच लाखांचा निर्णय झाला तेव्हा पांढरं कार्डही आत आलं. माझ्या मते त्या निर्णयातली पाच लाखांपेक्षा मोठी गोष्ट हीच, आणि फलकावर ती बारीक अक्षरात होती.

म्हणून २०२४च्या पत्रकावर माझा प्रश्न असा होता: सगळी कार्डं आधीच आत आहेत, मग नवं कोण येणार? रेशन कार्डच नसलेला, नाक्यावर उभा राहणारा परप्रांतीय मजूर? ऊसतोड टोळीतली बाई, जिचं कार्ड बीडला आणि पोट साखर कारखान्यावर? आणि हप्ता सगळ्यांचा सरकार भरणार, की राजस्थानसारखं? तिथं गरिबांचा हप्ता सरकार भरायचं आणि बाकीच्या कुटुंबांनी वर्षाला ८५० रुपये भरून सामील व्हायचं होतं. मला ती पद्धत वाईट वाटत नाही. पण पत्रकात "राजस्थानच्या धर्तीवर" लिहायचं आणि ८५०चा उल्लेख गाळायचा, हे काही बरोबर नाही. काँग्रेसच्या लोकसभेच्या जाहीरनाम्यात राजस्थानचंच नाव होतं.

मिरजेला आणखी एक पेच आहे. आमच्या ओपीडीत सकाळी निम्मे पेशंट कन्नड बोलतात. अथणी, कागवाड, रायबाग, चिक्कोडी इकडूनच माणसं इथं येतात. पिढ्यान्‌पिढ्या येतात. त्यांचं कार्ड कर्नाटकचं. २०२३मध्ये महाराष्ट्र सरकारनं सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले योजना लागू करायचं ठरवलं, तेव्हा बंगळूरहून केवढा विरोध झाला ते इकडच्या लोकांच्या लक्षात असेल. तेव्हा तुम्ही सीमेजवळ राहत असाल तर पत्रकात "राज्यातील नागरिक" या शब्दांखाली दोन रेघा मारा.

आजार कुठले: गल्लीची परीक्षा

ही माझी आवडती पायरी. वहीच्या पानावर गल्लीतली किंवा वाड्यातली चार माणसं लिहायची, नावानिशी. गेल्या वर्षभरात त्यांना काय झालं आणि किती पैसे गेले ते लिहायचं. मग पत्रकातली योजना आजच लागू आहे असं समजून एकेकाला त्यातून काढायचं.

मी भाच्यासमोर लिहिलेली चार अशी.

समोरच्या काकू. शुगर आणि बीपी. दर महिन्याला औषधं, तीन महिन्यांनी रक्त-लघवी. वर्षभरात एकदाही दाखल नाहीत. २५ लाखांच्या विम्यातून त्यांना किती? शून्य. विमा दाखल झाल्यावरचा आहे.

कोपऱ्यावरचा रिक्षावाला. हर्निया. इथं दोन गोष्टी बघायच्या. आजार यादीत आहे का, आणि असला तर तो फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहे का? राज्याच्या योजनेत शंभरावर उपचार असे राखीव असत, हे फलकावर कधीच नसतं. आणि तो आठ दिवस रिक्षा चालवणार नाही, ते पैसे कुठल्याच योजनेत नाहीत.

मधल्या वाड्यातलं पोर, डेंग्यू. पाच दिवस सलाईन आणि रोज प्लेटलेट. शस्त्रक्रिया नाही, त्यामुळं जुन्या योजनांत असल्या पेशंटचं फार अवघड असायचं. आम्ही त्याला "मेडिकल मॅनेजमेंट" म्हणायचो. पत्रकात "सर्व शस्त्रक्रिया" लिहिलंय की "सर्व आजार", हा फरक या पोरासाठी बघायचा.

चौथे जत तालुक्यातले डायलिसिसचे मामा, माझ्या मोलकरणीचे भाऊ. डायलिसिस योजनेत आहे, पैसे घेत नाहीत, आणि हे खरोखर मोठं काम या योजनांनी केलंय. पण आठवड्यातून दोनदा ऐंशीएक किलोमीटर यायचं आणि जायचं, बरोबर एक माणूस, त्याचीही मजुरी बुडाली. राज्याच्या योजनेत दाखल झालेल्या पेशंटच्या परतीच्या एसटी भाड्याची तरतूद पहिल्यापासून कागदावर आहे. किती पेशंटना ती माहीत आहे? तुम्हाला होती?

चारांपैकी एकाचं काम झालं, एकाचं अर्धं. भाच्यानं पत्रक उलटंसुलटं केलं. मग मीच त्याला दाखवलं, "इथं बघ. 'आणि मोफत औषधे.' तीन शब्द. ना आकडा, ना रक्कम. ठळकसुद्धा नाही. पण काकूंच्या कामाचं जे आहे ते एवढंच."

देशाच्या आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२मध्ये एकूण आरोग्य खर्चातला ३९.४ टक्के लोकांनी स्वतःच्या खिशातून भरला. यातला मोठा भाग दवाखान्याच्या चिठ्ठीवर मेडिकलमध्ये जातो, दाखल न होता. त्यामुळं कुठल्याही पक्षाचा कार्यकर्ता दारात आला तर मी म्हणते, २५ लाखांचं राहू द्या, त्या तीन शब्दांबद्दल बोला. औषधं कुठं मिळणार, प्राथमिक आरोग्य केंद्रात की मेडिकलमध्ये? खरेदी कोण करणार? राजस्थाननं २ ऑक्टोबर २०११पासून सरकारी दवाखान्यांत मोफत औषधं सुरू केली, तमिळनाडूत त्यासाठी १९९४पासून स्वतंत्र महामंडळ आहे. आपल्याकडं आधी हाफकिन या सरकारी कंपनीकडं खरेदी होती, २०२३ला वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण काढलं. १५ ऑगस्ट २०२३पासून आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत उपचार मोफत झालेच आहेत. म्हणजे पावती फाडणं थांबलं. गोळी खिडकीवर असते का, हा प्रश्न निराळा आणि तो खरेदीचा आहे. "मोफत" लिहिणाऱ्यानं खरेदीचं लिहायला पाहिजे.

"बाहेरून आणा"

योजनेचं रुग्णालय यादीत असणं आणि तिथं तुमचं काम होणं यात बरंच अंतर आहे. हे जवळून पाहिलेलं सांगते. रुग्णालयाचं नाव घेत नाही.

एक बाई, पाय मोडलेला, योजनेत मंजुरी आलेली. प्रीऑथ म्हणजे ऑपरेशनच्या आधीची ही मंजुरी. पॅकेज ठरलेलं. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी नवऱ्याला सांगण्यात आलं, चांगल्या कंपनीची प्लेट हवी असेल तर बाहेरून आणावी लागेल, अकरा हजार. पावती नाही. त्यानं पिशवीतून पैसे काढले. डिस्चार्जच्या दिवशी आमच्यासारख्या टेबलावर त्याची सही घेतली: "माझ्याकडून कोणतीही रक्कम घेतली नाही." सही मराठीत होती आणि कागद इंग्रजीत. मी त्याला वाचून दाखवलं, तर तो म्हणाला, "जाऊ द्या मॅडम, परत दाखवायला यायचंय."

तुम्हाला वाटेल, रुग्णालयं लुटारू. काही आहेतच. पण दुसरी बाजूही त्याच टेबलावरून दिसायची. पॅकेजचे दर वर्षानुवर्षं तेच, प्लेट आणि औषधं महागलेली, आणि पैसे यायला महिनोन्‌महिने. क्वेरी यायच्या: एक्स-रेवर नाव दिसत नाही, फोटोत पेशंट झोपलेला आहे, तारीख पुसट आहे. आमचे मेडको डॉक्टर, योजनेचे कागद बघायला नेमलेले, रात्री नऊपर्यंत स्कॅन चढवत बसायचे. पुष्कळ रुग्णालयं मग एकच करतात. योजनेच्या खाटा "फुल" दाखवतात.

म्हणून विम्याच्या पत्रकात दर आणि थकबाकी यांच्यावर एक तरी वाक्य असलं पाहिजे. आंध्राचं उदाहरण ताजं आहे. डिसेंबर २०२३मध्ये तिथं मर्यादा २५ लाख झाली आणि पुढच्याच मे महिन्यात खासगी रुग्णालयांच्या संघटनेनं थकलेल्या बिलांसाठी योजनेची सेवा थांबवली. कार्डावर २५ लाख आणि दारात "सेवा बंद"ची पाटी.

तुमच्या पातळीवर काय करायचं? तालुक्यात योजनेची रुग्णालयं किती, ते योजनेच्या संकेतस्थळावर बघा किंवा १५५३८८ या क्रमांकावर विचारा. नुसती संख्या मोजू नका. हृदय कुठं, कॅन्सर कुठं, नवजात कुठं, ते बघा. डोळ्यांची चार रुग्णालयं असली म्हणून हार्ट अटॅकच्या माणसाला उपयोग नाही. मग त्यातल्या एकाला साधा फोन करा: "केशरी कार्ड आहे, अँजिओप्लास्टी योजनेत होते का?" उत्तर "या, बघू" असं आलं तर वहीत तसंच लिहा.

स्वतःच्या पॉलिसीवाल्यांसाठी थोडं

जाहीरनाम्यांत खासगी विम्याबद्दलही आता ओळी येतात. हप्त्यावरच्या १८ टक्के जीएसटीचं बघा. विरोधक ओरडत होतेच, जुलै २०२४मध्ये नागपूरच्या विमा कर्मचाऱ्यांच्या निवेदनावरून नितीन गडकरींनीही अर्थमंत्र्यांना पत्र लिहिलं. शेवटी २२ सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक आणि कौटुंबिक पॉलिसीवरचा कर शून्य झाला. ३० हजारांच्या हप्त्यावर ५,४०० वाचले. आता श्रेय प्रत्येक जण घेईल. तुम्ही एकच करा: कराआधीचा मूळ हप्ता मागच्या नूतनीकरणाच्या कागदावरचा आणि या वर्षीचा शेजारी ठेवा. मूळ हप्ताच वाढला असेल तर वाचलेले पैसे कुठं गेले ते तिथंच दिसेल. नोकरीतल्या ग्रुप पॉलिसीला ही सूट नाही, हेही कोणी सांगत नाही.

पण करापेक्षा कापाकापी महत्त्वाची. २०१८ला माझ्या सख्ख्या भावाचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. पाच लाखांची पॉलिसी, खोलीभाड्याची मर्यादा एक टक्का, म्हणजे ५ हजार. त्यानं ८ हजारांची खोली घेतली, कारण वहिनीला झोपायला सोफा हवा होता. बिल १ लाख ६० हजार. कंपनीनं नुसतं भाड्यातलं तीन हजारांचं अंतर नाही कापलं, अख्ख्या बिलाला पाच-अष्टमांश लावलं. १ लाख मंजूर. त्यातून हातमोजे, मास्क, कापूस असल्या "न देय" वस्तूंचे ६,२०० वजा. साठ हजारांवर रक्कम भावाच्या खिशातून गेली. आणि ते कागद भरायला बसली होती कोण? मी. चौदा वर्षं दुसऱ्यांना समजावत आलेली बाई, सख्ख्या भावाची खोली बदलायचं विसरली. त्यानं अजून बोलून दाखवलं नाही, वहिनीनं दाखवलंय. पुढं नियामकानं औषधं आणि इम्प्लांटवर अशी कात्री लावायला मनाई केली, पण कात्री गेलेली नाही. त्यामुळं कुठलाही पक्ष "खासगी विम्यात सुधारणा" म्हणाला की मी बघते, खोलीभाडं, जुन्या आजाराचा प्रतीक्षाकाळ आणि दावा नाकारल्यावर दाद कुठं मागायची, यातलं काही लिहिलंय का.

पैसे आणि तारीख

गुणाकार घरी होतो. २०२०च्या करारात राज्य सरकार विमा कंपनीला कुटुंबामागं वर्षाला ७९७ रुपये देत होतं, दीड लाखांपर्यंतच्या जोखमीसाठी. कुटुंबं सव्वादोन कोटींच्या आतबाहेर. म्हणजे साधारण अठराशे कोटी. दीड लाखांच्या वरचं, आयुष्मानवाल्या कुटुंबांसाठी, योजना चालवणारी सरकारी सोसायटी थेट भरायची. आता नव्या पत्रकात कुटुंबं किती, दर किती आणि गुणाकार किती, एवढे तीन आकडे मागा. शेजारच्या पानावर महिलांना महिन्याला तीन हजार आणि शेतकऱ्यांना तीन लाखांपर्यंत कर्जमाफी असेल, तर तिन्हींची बेरीज एकाच तिजोरीतून होणार आहे. महायुतीच्या एकवीसशेलाही हेच लागू. राष्ट्रीय आरोग्य धोरणानं २०१७ला सांगितलं होतं की राज्यांनी अर्थसंकल्पाच्या आठ टक्क्यांहून जास्त पैसे आरोग्यावर घालावेत. मला जाहीरनाम्यात ही टक्केवारी लिहिणारा पक्ष हवा आहे. अजून भेटायचा आहे.

तारखेचं असं. पाच लाखांचा निर्णय मंत्रिमंडळानं जून २०२३ला घेतला, लागू झाला १ जुलै २०२४ला. एक वर्ष. त्या वर्षात लोक टेबलाशी बातमीचं कात्रण घेऊन यायचे. भाजपनं १४ एप्रिल २०२४च्या संकल्पपत्रात सत्तरीपुढच्या सगळ्यांना आयुष्मान देऊ म्हटलं, ते २९ ऑक्टोबरला सुरू झालं. साडेसहा महिने, म्हणजे वेळेत म्हणायचं. श्रेय द्यायचं तिथं द्यावं. तेव्हा वहीत शेवटचा रकाना ठेवा: "म्हणाले कधी, झालं कधी". नाव बदलणं त्यात धरू नका. राजीव गांधींची योजना २०१७ला महात्मा फुलेंची झाली, राजस्थानची चिरंजीवी सरकार बदलल्यावर "मा" झाली. नावासाठी नवे फलक लागतात, पेशंटला नवं काही लागत नाही.

आणि ज्याला सरकार बदलायची वाट बघायला वेळ नाही, त्यानं आज असलेलं वापरावं. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बलांसाठी निम्म्या दरात, हा नियम कोणाच्याच जाहीरनाम्यात नसतो, कारण तो आधीपासून आहे. किती पक्ष म्हणतात की आम्ही तो नीट पाळायला लावू?

भाच्यानं पान फोटो काढून नेलं. आठ दिवसांनी सांगायला आला, वरिष्ठ म्हणाले की औषधांच्या खरेदीचं निवडून आल्यावर ठरवू. २३ नोव्हेंबरला निकाल लागला, आघाडी हरली, पत्रक माझ्या ड्रॉवरमध्ये गेलं.

डिसेंबरात तोच म्हणाला, "आत्या, सत्ताधाऱ्यांचीही परीक्षा घे की." बरोबर बोलला. मग सासूबाईंना घेऊन आम्ही वय वंदना कार्ड, म्हणजे सत्तरीपुढच्यांचं आयुष्मानचं कार्ड, काढायला गेलो. सासूबाई चौऱ्याहत्तरच्या, कोयनेच्या भूकंपाच्या साली, १९६७ला, थोरल्या दिराच्या वेळी त्या सतरा वर्षांच्या होत्या हे घरात सगळ्यांना पाठ. केंद्रावरच्या मुलानं आधार टाकलं. आधारवर जन्मतारीख १ जानेवारी १९५७, शिबिरात कोणीतरी ठोकून दिलेली. योजना आधारचंच वय धरते. मुलगा भला होता, दोनदा टाकून बघितलं.

"आजी, तुम्ही अजून अडुसष्टच्यासुद्धा नाही."

सासूबाई पदर सावरत उठल्या आणि म्हणाल्या, "मग जेवणात मला परत तिखट द्यायला सांग हिला."